नव्या डेस्कटॉपला वायरलेस साधने जोडताना: डोंगल, ब्लूटूथ की सरळ वायर?

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून किंवा धुळे-नंदुरबारच्या एखाद्या दुकानातून नवा डेस्कटॉप घेताना बहुतेकांचे सारे लक्ष प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीनच्या आकारावर असते. कीबोर्ड, माउस, हेडफोन आणि प्रिंटर यांचा विषय बिल होत आले की निघतो, आणि तेव्हा दुकानदार जो जोड समोर ठेवील तोच पिशवीत जातो. वास्तविक रोज हाताखाली येणार आहेत त्या याच वस्तू. त्या वायरशिवाय वापरायच्या असतील तर कोणत्या मार्गाने जोडायच्या, हे संगणक निवडतानाच ठरवावे लागते, कारण लॅपटॉपमध्ये जी सोय आधीपासून बसवलेली असते ती डेस्कटॉपमध्ये असेलच असे नाही.

मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला मार्ग साधनासोबत येणाऱ्या छोट्या यूएसबी रिसिव्हरचा, ज्याला आपल्याकडे सगळे डोंगल म्हणतात. दुसरा ब्लूटूथचा, आणि तिसरा घरातल्या वायफाय राउटरचा, जो प्रामुख्याने प्रिंटरसाठी उपयोगी पडतो. यांच्या जोडीला साधी वायर हा पर्याय कायम उभा आहे, आणि काही ठिकाणी तोच सर्वांत शहाणपणाचा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कशाच्या बाजूने चालले आहे हे वाचकाला कळेल: सर्व साधनांसाठी एकच मार्ग शोधू नये. खानदेशातील सर्वसाधारण घरात किंवा दुकानात कीबोर्ड आणि माउस डोंगलवर, हेडफोन ब्लूटूथवर आणि प्रिंटर राउटरवर ठेवणे सर्वांत कमी त्रासाचे ठरते. याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत.

सीपीयूच्या डब्यात काय आहे?

लॅपटॉपमध्ये आणि स्क्रीनमागेच सर्व भाग असलेल्या ऑल-इन-वन संगणकात वायफाय आणि ब्लूटूथ जवळपास गृहीत धरता येते. टॉवर स्वरूपाच्या डेस्कटॉपमध्ये मात्र ते मदरबोर्डवर, म्हणजे डब्यातील सर्व भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर अवलंबून असते. एकाच मदरबोर्डच्या दोन आवृत्त्या बाजारात असतात, आणि ज्या आवृत्तीच्या नावाच्या शेवटी वायफाय असा उल्लेख असतो तिच्यातच हे कार्ड बसवलेले असते. वायफाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच कार्डावर असतात, त्यामुळे वायफाय नसलेला बोर्ड घेतला तर ब्लूटूथही मिळत नाही. असेंबल केलेला संगणक घेणाऱ्याने कोटेशनवर मदरबोर्डचे पूर्ण नाव लिहून घ्यावे, म्हणजे नंतर वाद उरत नाही.

संगणक आधीच घरी आला असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकातील उपकरणांच्या यादीत, ब्लूटूथ नावाची ओळ आहे का ते पाहावे. ती नसेल तर दोन शक्यता असतात: कार्डच नाही, किंवा कार्ड आहे पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, बसलेला नाही. दुसऱ्या शक्यतेत त्याच यादीत पिवळ्या त्रिकोणाची खूण असलेले एखादे अनोळखी उपकरण दिसते आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर बसवल्यावर काम भागते. नव्या संगणकाला अजून इंटरनेटच नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे. संगणकात वायफाय नसतानाही फोनचे इंटरनेट त्याला मिळते आणि हा अडसर दूर होतो.

इथे एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. वायफाय असलेल्या बोर्डाच्या खोक्यात दोन अँटेना येतात आणि त्या डब्याच्या मागच्या बाजूला पितळी रंगाच्या दोन स्क्रूंवर फिरवून बसवायच्या असतात. घरी इंटरनेट लॅन वायरने येत असेल तर वायफायची गरजच पडत नाही, म्हणून त्या अँटेना खोक्यातच राहतात, आणि मग माउस टेबलावरच असूनही अडखळतो, हेडफोनचा आवाज तुटतो. ब्लूटूथ त्याच अँटेनांचा वापर करते, हे ठाऊक नसल्यामुळे दोष माउसला दिला जातो. माउस बदलण्याआधी डब्याची मागची बाजू एकदा पाहावी. वेगळे वायफाय कार्ड विकत घेऊन बसवणाऱ्यांसाठी याच जातीची आणखी एक सूचना आहे. अशा कार्डाचे वायफाय पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेतून चालते, पण त्याच कार्डावरचे ब्लूटूथ यूएसबीच्या वाटेने चालते, म्हणून कार्डासोबतची छोटी वायर मदरबोर्डवरील नऊ पिनांच्या यूएसबी जागेत लावावीच लागते. ती न लावल्यास वायफाय उत्तम चालते आणि ब्लूटूथ दिसतच नाही.

ब्लूटूथ मुळीच नसेल तर नखाएवढे यूएसबी ब्लूटूथ ॲडॉप्टर हजार रुपयांच्या आत मिळते आणि घरगुती कामाला ते पुरेसे आहे. मात्र विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ उपकरण चालवते, त्यामुळे बोर्डावर जुने ब्लूटूथ असताना नवे ॲडॉप्टर लावले तर जुने डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करावे लागते.

कीबोर्ड आणि माउस: खरी तुलना इथे आहे

डोंगल आणि ब्लूटूथ हे दोन्ही मार्ग २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला, आणि वायफाय राउटरही त्याच पट्ट्यात बोलतो. त्यामुळे हवेतून जाणाऱ्या लहरींच्या दृष्टीने दोघांत फार मोठे अंतर नाही. फरक आहे तो जोडणीची नोंद कुठे राहते यात, आणि खरेदीचा निर्णय बऱ्याच अंशी याच फरकावर व्हावा असे मला वाटते.

डोंगलच्या प्रकारात कीबोर्ड आणि रिसिव्हर यांची ओळख कारखान्यातच करून दिलेली असते आणि ती त्या रिसिव्हरमध्ये साठवलेली असते. संगणकाला तो रिसिव्हर म्हणजे वायरचा साधा यूएसबी कीबोर्डच वाटतो. ब्लूटूथमध्ये ओळख विंडोजच्या आत साठवली जाते, म्हणजे विंडोज पूर्ण सुरू झाल्याशिवाय कीबोर्ड कामाला येत नाही. नेहमीच्या दिवशी हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो अडचणीच्या दिवशी, आणि आपल्या भागात असे दिवस कमी नसतात. वीज अचानक जाते, यूपीएसची बॅटरी जुनी असते, संगणक अर्ध्यावर बंद पडतो, आणि पुन्हा सुरू करताना दुरुस्तीचा निळा पडदा किंवा एखादी कळ दाबायला सांगणारा काळा पडदा समोर येतो. त्या पडद्यावर डोंगलचा कीबोर्ड चालतो, ब्लूटूथचा बहुतेक संगणकांत चालत नाही. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या पडद्यावर जाणे, पेनड्राइव्हवरून विंडोज टाकणे, डिस्क कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की भरणे, या सर्व ठिकाणी हीच स्थिती असते. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या तंत्रज्ञाने फॉरमॅट मारून दिल्यावर डोंगलचा कीबोर्ड त्याच क्षणी चालू लागतो. ब्लूटूथची सर्व साधने मात्र पुन्हा एकेक करून जोडावी लागतात. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही हा अनुभव येतो, कारण एका प्रणालीत जोडलेला ब्लूटूथ माउस दुसरीत नव्याने जोडावा लागतो आणि तसे केले की पहिलीतली जोडणी सहसा तुटते.

म्हणून पहिल्या आणि एकमेव डेस्कटॉपसाठी कीबोर्ड ब्लूटूथचा घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. घ्यायचाच असेल तर वायरचा एक साधा कीबोर्ड कपाटात जपून ठेवावा.

ब्लूटूथची बाजू कुठे भक्कम आहे? पहिले म्हणजे त्याला यूएसबीची जागा लागत नाही. घरात हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला विचारून पाहावे. त्याच्या एकाच संगणकाला बोटांच्या ठशांचे यंत्र, वेबकॅम, प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन अशी सारी साधने यूएसबीनेच लागलेली असतात आणि डब्याच्या मागे एखादी जागासुद्धा मोकळी नसते. दुसरे म्हणजे एकच ब्लूटूथ कीबोर्ड अनेकदा तीन यंत्रांना जोडता येतो आणि एक कळ दाबून डेस्कटॉपवरून फोनवर, फोनवरून टॅबवर जाता येते. फोनवर लांब मजकूर लिहिणाऱ्याला हे फार सोयीचे आहे. तिसरे म्हणजे हरवण्यासारखा तुकडा त्यात नाही. साध्या डोंगलचा तो तुकडा हरवला तर कीबोर्ड आणि माउस दोन्ही निरुपयोगी होतात, कारण स्वस्त संचांचे रिसिव्हर सुटे मिळत नाहीत. काही कंपन्यांनी यावर उपाय काढला आहे. लॉजिटेकचा २००९ साली आलेला युनिफाइंग रिसिव्हर आणि २०२१ साली आलेला बोल्ट रिसिव्हर या दोन्हींना प्रत्येकी सहापर्यंत साधने जोडता येतात आणि हरवल्यास त्याच जातीचा दुसरा घेऊन नव्याने ओळख करून देता येते. मात्र या दोन जाती एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे खोक्यावरची खूण पाहिल्याशिवाय दुसरे साधन घेऊ नये.

ॲपलचा मॅक मिनी घेणाऱ्यांसाठी उत्तर उलटे आहे. त्यात ब्लूटूथ असतेच, आणि २०२४ च्या एम४ मॅक मिनीत जुन्या आकाराची यूएसबीची एकही जागा नाही, सर्व जागा यूएसबी-सी आहेत. नेहमीचा डोंगल तिथे जोडण्यासाठी मधला तुकडा घ्यावा लागतो. अशा वेळी ब्लूटूथच स्वाभाविक आहे.

काही साधनांत डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही मार्ग दिलेले असतात. किंमत थोडी जास्त पडते, पण बजेटमध्ये बसत असेल तर हाच पर्याय सर्वांत चांगला, कारण डेस्कटॉपला डोंगलने आणि फोनला ब्लूटूथने अशी वाटणी करता येते.

डोंगल कुठे लावायचा, यावर बरेच अवलंबून आहे

डोंगल घेतल्यावर माउस अडकत चालतो, कर्सर उड्या मारतो, कीबोर्डची अक्षरे सुटतात, अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी साधनाच्या नसून जागेच्या असतात. यूएसबी ३ च्या जागेतून आणि तिच्यात लावलेल्या हार्डडिस्कमधून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले होते. डोंगल निळ्या रंगाच्या यूएसबी जागेत, त्यातही बाहेरच्या हार्डडिस्कच्या शेजारी लावला तर त्याला माउसचा क्षीण संदेश नीट ऐकू येत नाही. काळ्या रंगाच्या यूएसबी २ च्या जागेत तो लावावा, कारण कीबोर्ड-माउसला त्याहून जास्त वेग लागतच नाही.

दुसरी अडचण धातूची. आपल्याकडे सीपीयूचा डबा अनेकदा लोखंडी टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून ठेवलेला असतो, आणि डोंगल मागच्या बाजूला लावला की माउस आणि डोंगल यांच्यामध्ये पत्र्याचा डबा, लोखंडी टेबल आणि बसलेल्या माणसाचे पाय एवढे सगळे येते. डोंगल डब्याच्या पुढच्या बाजूला लावावा, किंवा हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन तो टेबलावर आणावा. याने नेमका किती त्रास कमी होतो हे सांगणारा आकडा माझ्याकडे नाही, पण अगदी स्वस्तातली ती वायर महागड्या माउसपेक्षा जास्त उपयोगी पडते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

ब्लूटूथला हा त्रास तुलनेने कमी होतो. ते एकाच वाहिनीवर थांबत नाही. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये ७९ वाहिन्या असतात आणि जोडणी सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलते. कमी ऊर्जेच्या नव्या पद्धतीत ४० वाहिन्या असतात. ज्या वाहिन्यांवर राउटरची गर्दी आहे त्या टाळायलाही ते शिकते. तरीही राउटर संगणकाच्या डब्यावरच ठेवलेला असेल तर तो बाजूला हलवावा, आणि राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर फोन आणि टीव्ही त्यावर न्यावेत, म्हणजे खालचा पट्टा मोकळा राहतो.

कुठे वायरच बरी

पारोळा, शहादा किंवा चोपडा अशा गावांतील संगणक वर्गाचे चालक वायरलेस संचांची चौकशी करतात, कारण वायरींचा गुंता त्यांना नकोसा झालेला असतो. त्यांना मी वायरच सुचवीन. एका खोलीत वीस सारखे संच असले तरी ते एकमेकांचे संगणक चालवीत नाहीत, कारण प्रत्येकाची ओळख वेगळी असते. पण झाडलोट करताना माउस इकडचे तिकडे होतात आणि मग कोणता माउस कोणत्या डोंगलचा हे शोधण्यात तास जातो. सेल संपणे, सेल काढून नेले जाणे, डोंगल गहाळ होणे हे त्यावर आणखी. वायरचा संच खराब झाला तर काढून दुसरा लावायचा, एवढेच काम राहते.

मराठी टंकलेखन हे ज्यांचे रोजचे काम आहे त्यांनीही वायरचा विचार आधी करावा. इनस्क्रिप्ट या प्रमाणित कळरचनेची देवनागरी अक्षरे छापलेले कीबोर्ड वायरच्या प्रकारात मिळतात, वायरलेसमध्ये क्वचितच. ज्याची बोटे अजून सरावलेली नाहीत त्याला कळांवरची अक्षरे दिसणे हे टेबलावर वायर नसण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

तिसरी जागा सुरक्षिततेची, आणि याबद्दल आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही. बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की अनेक नामांकित कंपन्यांच्या डोंगलना दूरवरून खोट्या कळांचे संदेश पाठवता येतात आणि संगणक ते खरे मानतो. त्याच वर्षी त्यांनी असेही काही स्वस्त कीबोर्ड दाखवले जे दाबलेली प्रत्येक कळ कोणत्याही गुप्तीकरणाशिवाय हवेत सोडत होते, म्हणजे योग्य यंत्र असलेल्या कोणालाही पासवर्ड जसाच्या तसा वाचता यावा. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी सुधारणा केल्या आणि बोल्टसारखे नवे रिसिव्हर ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या पद्धतीवर आधारलेले, गुप्तीकरणासह आले. पण नाव-गाव नसलेल्या स्वस्त संचांत काय आहे हे खोक्यावरून कळत नाही. दुसऱ्यांचे आधार क्रमांक, बँकेचे तपशील आणि पासवर्ड ज्या टेबलावर दिवसभर भरले जातात, म्हणजे सेवा केंद्र, पतसंस्था, कर सल्लागाराचे कार्यालय, तिथे कीबोर्ड वायरचा असावा आणि माउस वायरलेस हवाच असेल तर डोंगलचा न घेता ब्लूटूथचा ठेवावा. इतरांची माहिती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असते, त्यामुळे इथे सोयीला दुसरे स्थान द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

बारकोड स्कॅनर

धुळ्याच्या घाऊक किराणा दुकानात किंवा जळगावच्या कपड्याच्या दालनात बिलिंगसाठी वायरलेस स्कॅनर घेतला जातो. तिथे डोंगल किंवा चार्जिंगचे बैठकीसारखे स्टँड असलेला प्रकार घ्यावा, कारण गर्दीच्या वेळी तुटलेली ब्लूटूथ जोडणी पुन्हा लावत बसायला सवड नसते. एक सावधगिरी मात्र मराठीत काम करणाऱ्यांसाठी आवश्यक आहे. स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच कळतो, त्यामुळे त्या वेळी खालच्या पट्टीत मराठी कीबोर्ड निवडलेला असेल तर बारकोडमधली अक्षरे भलतीच उमटतात. बिल करण्यापूर्वी भाषा इंग्रजीवर आणावी. स्कॅनर बिघडला म्हणून परत नेण्याआधी एवढे एकदा पाहून घ्यावे.

हेडफोन आणि माइक

गाणी आणि व्हिडिओ ऐकण्यासाठी फोनसोबत वापरतो तेच ब्लूटूथ हेडफोन डेस्कटॉपला जोडले तर उत्तमच, वेगळा खर्च करायची गरज नाही. जोडताना फोनचे ब्लूटूथ थोडा वेळ बंद ठेवावे, कारण हेडफोन सवयीने फोनलाच जाऊन चिकटतात. मग हेडफोनचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून ठेवावे आणि विंडोजच्या सेटिंग्जमधील ब्लूटूथच्या भागात नवे साधन जोडण्याचा पर्याय निवडावा.

अडचण येते ती ऑनलाइन वर्गात किंवा मुलाखतीत, म्हणजे माइकही लागतो तेव्हा. रूढ ब्लूटूथमध्ये उत्तम आवाज आणि माइक एकाच वेळी चालत नाहीत. माइक सुरू झाला की जोडणी फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जाते आणि आवाज एकदम सपाट, डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन खराब झालेले नसतात, पद्धतच तशी आहे. एलई ऑडिओ ही नवी पद्धत हा दोष दूर करते, पण त्यासाठी हेडफोन, संगणकाचे ब्लूटूथ आणि विंडोज ११ या तिघांचीही साथ लागते, आणि आज घरात असलेल्या हेडफोनांपैकी फार थोड्यांत ती आहे. स्पर्धा परीक्षेचे ऑनलाइन वर्ग रोज तासन्‌तास करणाऱ्या मुलामुलींसाठी डोंगलवर चालणारा हेडसेट किंवा वायरचा साधा हेडसेट घ्यावा. एक सोपी युक्तीही आहे: ऐकायला ब्लूटूथ हेडफोन ठेवून माइक म्हणून वेबकॅमचा माइक निवडला तर हेडफोनचा आवाज चांगलाच राहतो. शांत खोलीत हे छान चालते, कूलरच्या घरघरीत मात्र नाही.

प्रिंटर

प्रिंटरबाबत ब्लूटूथचा विचार करूच नये. वायफाय प्रिंटर राउटरला जोडावा आणि डेस्कटॉप त्याच राउटरला लॅन वायरने जोडला तरी छपाई व्यवस्थित होते. म्हणजे डेस्कटॉपमध्ये वायफाय नसल्यामुळे वायफाय प्रिंटर घेता येणार नाही, हा समज चुकीचा आहे. अनेक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडले जातात, म्हणून राउटरचा तेवढा पट्टा सुरू असल्याची खात्री करावी. राउटर प्रत्येक वेळी प्रिंटरला वेगळा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, देऊ लागला तर काही दिवसांनी प्रिंटर ऑफलाइन दिसू लागतो. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता कायम करून टाकला की हा प्रश्न मिटतो. वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर चालतो पण राउटर बंद पडतो आणि छपाई थांबते, म्हणून राउटरही यूपीएसवर घ्यावा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही लावू नये. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा तापक एकदम मोठा प्रवाह ओढतो आणि घरगुती यूपीएसला तो भार झेपत नाही. ज्या दुकानात प्रिंटर संगणकाच्या शेजारीच आहे आणि दुसरे कोणी तो वापरणार नाही, तिथे यूएसबी वायर लावून विषय संपवावा.

सेल, उन्हाळा आणि खरेदीचा दिवस

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि वायरलेस साधन निवडताना याचा विचार व्हायला हवा. चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटरीला साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणे सोसत नाही, त्यामुळे पत्र्याच्या छताखालच्या खोलीत भर दुपारी माउस चार्जिंगला लावू नये, सकाळी किंवा रात्री लावावा. बदलायच्या सेलवर चालणारे साधन अशा ठिकाणी जास्त निर्धास्त, कारण सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतो आणि बदलला की काम लगेच पुढे चालते. अल्कलाइन सेल वापरावेत. कीबोर्डला ते एक ते दोन वर्षेही पुरतात, माउसला त्याहून कमी. शाळा-महाविद्यालयाच्या सुट्टीत साधन बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत, कारण उष्णतेत पडून राहिलेला सेल पाझरतो आणि आतल्या पट्ट्या गंजवतो. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, म्हणून काही साधने ते पूर्ण भरलेले असतानाही बॅटरी कमी असल्याची सूचना दाखवतात. त्याने घाबरून जाऊ नये.

खरेदीच्या दिवशी तीन गोष्टी दुकानातच करून घ्याव्यात. संगणक सुरू करून बायॉसचा पडदा उघडायला लावावा आणि त्यात निवडलेला वायरलेस कीबोर्ड चालतो का ते स्वतः पाहावे. डिव्हाइस मॅनेजरमधील ब्लूटूथची ओळ पाहावी, आणि बोर्डावर वायफाय असेल तर दोन्ही अँटेना तिथेच बसवून घ्याव्यात. वायरलेस कीबोर्डच्या मागे भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का हेही पाहावे. २०१२ च्या आदेशापासून वायरलेस कीबोर्ड सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहे, आणि तो क्रमांक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकला की नोंदणी कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसते. क्रमांक नसलेला संच कितीही स्वस्त असला तरी परत ठेवावा आणि बिलावर कीबोर्ड-माउसचे मॉडेल वेगळे लिहून घ्यावे, कारण वेगळ्या घेतलेल्या संचाची वॉरंटी संगणकाच्या वॉरंटीत सहसा धरलेली नसते आणि डोंगल बिघडल्यास दाद मागायला तेच बिल लागते.